पोलाद म्हातारं झालं हे कसं ओळखायचं?

कापडाच्या दुकानात तुम्ही एक गंमत नक्की पाहिली असेल. नवं कापड हातांनी कितीही ओढलं तरी फाटत नाही. पण दुकानदारकाका कडेला कात्रीनं छोटीशी चीर देतात आणि टर्रर्र! एका दमात कापडाचे दोन तुकडे. कापड तेच, हात तेच. फरक केला तो एवढ्याशा चिरेनं. ओढण्याचा सगळा जोर चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि चीर पुढे पळत सुटते.

तुम्ही म्हणाल, पोलाद थोडंच असं फाटतं? फाटतं बरं का! १६ जानेवारी १९४३ ची गोष्ट. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरी ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला शांत उभं होतं. ना वादळ, ना लाटा. रात्री अचानक प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध मोडलं! त्या काळात अशी आणखीही जहाजं तडकली. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या शास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या पोलादाचा अभ्यास केला. एका ठरावीक तापमानाखाली ते ठिसूळ होतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

म्हणजे पोलादाची नुसती ताकद पाहून भागत नाही, चिवटपणाही पाहावा लागतो. काच कडक असते, पण चिवट नसते. भेग पडली तरी तिला पुढे पळू न देणं, याचं नाव चिवटपणा.

मग या चिवटपणाची परीक्षा कशी घ्यायची? १९०१ साली फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांनी एक छान पद्धत मांडली. ५५ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर जाड असा पोलादाचा तुकडा घ्यायचा. त्याला मधोमध २ मिलिमीटरची खाच पाडायची. मग झोपाळ्यासारखा झुलणारा जड हातोडा उंचावरून त्याच्यावर सोडायचा. तुकडा मोडून हातोडा पलीकडे वर जातो. तुकडा चिवट असेल तर तो हातोड्याचा बराच जोर खाऊन टाकतो, म्हणून हातोडा पलीकडे थोडाच वर चढतो. ठिसूळ असेल तर कट्‌कन मोडतो आणि हातोडा जवळजवळ सुटला होता तेवढाच उंच जातो. किती जोर खाल्ला ते ‘ज्यूल’मध्ये मोजतात. ३० किलोचं ज्वारीचं पोतं १ मीटर उचलायला साधारण ३०० ज्यूल लागतात, एवढं लक्षात ठेवा.

आता येऊ या म्हातारपणाकडे. घरचा प्रेशर कुकर तुम्हाला ठाऊकच आहे. आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. अणुवीज केंद्रातही असंच एक भांडं असतं, पण केवढं! भिंतच १५-२० सेंटीमीटर जाड. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या प्रकारात आतला दाब हवेच्या सुमारे ७० पट असतो. या भांड्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षं न्यूट्रॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा मारा होत राहतो. पोलादातले अणू रांगेत बसलेले असतात. पोलाद वाकतं तेव्हा या रांगा एकमेकींवरून सरकतात. न्यूट्रॉन काही अणूंना जागेवरून उडवतात. वर्गात रांगांमधल्या वाटेत दप्तरं पसरली की चालायला अडचण होते ना? तसंच रांगांचं सरकणं अडतं. पोलाद कडक होतं, पण चिवटपणा गमावतं.

बरं, चिवटपणा तपासायचा तर तुकडा कापायला हवा. चालू भांड्याचा तुकडा कापणार कसा? म्हणून इंजिनिअर लोकांनी युक्ती केली. भांडं बनवतानाच त्याच पोलादाचे छोटे छोटे तुकडे बनवायचे आणि डबीत भरून भांड्याच्या आतच ठेवून द्यायचे. भांड्याची ही सख्खी भावंडंच! बऱ्याचदा ती भिंतीपेक्षा थोडी आत ठेवतात. तिथे मारा जास्त, म्हणून ती भिंतीच्या आधीच म्हातारी होतात आणि पुढे काय होणार ते आधीच सांगतात. ठरावीक वर्षांनी एकेक डबी बाहेर काढायची आणि परीक्षा घ्यायची.

तुम्हाला पास व्हायला जसे ३५ गुण, तशी इथे ४१ ज्यूलची खूण धरतात. ताजं पोलाद थंड असतानाही ४१ ज्यूल खातं. म्हातारं झालं, की तेवढे खायला त्याला जास्त गरम असावं लागतं. हे तापमान किती वर सरकलं, त्यावरून वय कळतं. आणखी एक बारीक परीक्षा आहे. तुकड्यात मुद्दाम भेग वाढवायची आणि त्याला हळूहळू ओढून ती कधी पळते ते पाहायचं. हिला ‘फ्रॅक्चर टफनेस’ची चाचणी म्हणतात. शार्पीच्या परीक्षेत मोडलेले अर्धे तुकडेही फेकत नाहीत. त्यांतून ४ मिलिमीटर जाडीचे चिमुकले तुकडे कापून पुन्हा तपासतात! तारापूरच्या भांड्यांतही असे तुकडे ठेवलेले होते आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांची तपासणी झाली. किरणोत्सारी तुकड्यांना हात लावता येत नाही, म्हणून जाड भिंतीपलीकडून यांत्रिक हातांनी ते हाताळावे लागतात.

आणि खात्री पटली नाही तर? अमेरिकेत ‘यांकी रो’ नावाचं अणुवीज केंद्र १९६० पासून चालू होतं. त्याच्या भांड्याचा चिवटपणा पुरेसा उरलाय की नाही, यावर प्रश्न उभे राहिले. १९९१ साली केंद्र थांबवलं. खात्री करून घेण्याचा खर्चही फार होता. शेवटी १९९२ साली ते कायमचं बंद करायचं ठरलं. भांडं फुटलं नव्हतं, साधी भेगही पळाली नव्हती. तरी थांबले. कारण इथे ‘बहुतेक चालेल’ म्हणून चालत नाही.

आता तुम्ही करून पाहा. चिक्कीचे दोन सारखे तुकडे घ्या. एक फ्रीजमध्ये ठेवा, दुसरा झाकून उन्हात ठेवा. तासाभरानं दोन्ही वाकवा. कोणता कट्‌कन मोडला, कोणता आधी वाकला? वहीत लिहून ठेवा. आणि मग काय, दोन्ही तुकडे खाऊन टाका!