बोरघाटाची लय

कर्जतला पाठीमागे बँकर इंजिने लावून घेतलेली मालगाडी सदतिसात एक ह्या प्रमाणाचा चढ चढून खंडाळ्यावरून लोणावळ्याच्या यार्डात शिरते, त्या वेळी पुढच्या इंजिनांच्या ब्लोअरचा स्वर आणि मागच्या इंजिनांच्या ब्लोअरचा स्वर हे एकमेकांच्या इतके निकट आणि तरीही इतके भिन्न असतात, की त्या दोहोंच्या मिश्रणातून एक संथ, सेकंदा-दोन सेकंदांनी उमलणारा आणि मिटणारा कंप उत्पन्न होतो. गावात राहणाऱ्या माणसाच्या कानांवर तो रोज पडतो आणि म्हणूनच तो त्याला ऐकू येत नाही. गेली काही वर्षे नोकरीचा वेळ सांभाळून ज्या संगीताचा नाद मी हौसेने केला आहे, ते संगीत ह्याच आणि अशाच ध्वनींचे आहे. जगात त्याला इंडस्ट्रियल म्युझिक असे नाव असून ते मुख्यत्वे विजेच्या वाद्यांवर आणि संगणकावर रचले जाते. त्याविषयी सर्वसाधारण समजूत अशी, की कर्कश आवाज एकत्र करून ते मोठ्याने वाजविले म्हणजे झाले. ह्या समजुतीत अर्धेही सत्य नाही, हे प्रत्यक्ष कामाच्या तपशिलावरून दाखविता येईल.

यंत्राचा आवाज लोणावळ्याच्या मावळ तालुक्याला नवा नाही. १८५६ साली बोरघाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि १८६३ साली तो वाहतुकीस खुला झाला. मधल्या काळात कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा मृत्यू पावला, त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरे करून दिले, आणि १८६१ च्या आरंभी ह्या एका घाटावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पहारींचा, सुरुंगांचा आणि माणसांच्या हाकांचा तो महाध्वनी कोणत्याही साधनाने टिपला गेला नाही, कारण टिपलेला ध्वनी पुन्हा ऐकविणारे यंत्रच तेव्हा जन्माला आलेले नव्हते. त्या मजुरांपैकी किती जण पटकीने आणि अपघाताने दगावले ह्याचा दाखला कागदोपत्री शोधावा लागतो, परंतु त्यांच्या श्रमाचा आवाज मात्र कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, ह्याची खंत मला ह्या कामात सतत सोबत करीत आली आहे. पुढे १९०८ साली पैसा-पैसा वर्गणीच्या पैसा फंडातून तळेगावास काचकारखाना उभा राहिला. १९१५ साली लोणावळ्याच्या आसपासच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजगृहात सोडले जाऊ लागले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. म्हणजे गिरणगावातल्या मागांच्या खडखडाटात आमच्या पावसाचाही वाटा होता असे म्हणावयास हरकत नाही.

युरोपात ह्या दिशेने विचार १९१३ सालीच झालेला होता. इटालीतील चित्रकार लुइजी रुस्सोलो ह्याने गोंगाटाच्या कलेविषयी जाहीरनामा लिहून गोंगाट करणारी पेटीवजा वाद्ये बनविली. १९४८ साली पिएर शेफर ह्या फ्रेंच नभोवाणी-अभियंत्याने पॅरिसच्या बातिन्योल स्थानकातील इंजिनांचे आवाज तबकड्यांवर टिपून त्यांतून एक छोटी रचना सिद्ध केली, आणि केवळ टिपलेल्या ध्वनीतून संगीत घडू शकते हे रेल्वेच्याच साक्षीने जगापुढे ठेवले. १९७६ साली थ्रॉबिंग ग्रिसल ह्या इंग्रज मंडळींनी इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही आपली प्रकाशनसंस्था काढली, तेव्हा ह्या प्रकाराला त्याचे आजचे नाव मिळाले. आपल्याकडे १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर ह्या अमेरिकी संगीतकाराने मूग सिंथेसायझर उभा करून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदी मंडळींनी त्यावर काम केले. मला ह्या सर्वांत शेफर अधिक जवळचा वाटतो, कारण बाकीच्यांपैकी पुष्कळांना यंत्राचा आवाज हे जुन्या संगीतावर उगारण्याचे शस्त्र वाटले, तर शेफर त्या आवाजापुढे बसून तो ऐकत राहिला.

ध्वनी टिपण्याचे काम हाच ह्या छंदाचा पाया होय. त्यासाठी रुळांच्या हद्दीत शिरण्याची गरज नसते आणि शिरूही नये. सार्वजनिक रस्ता, टेकडीचा उतार आणि स्वतःच्या घराचे लोखंडी फाटक एवढी जागा पुरते. हवेतून येणारा आवाज साधा मायक्रोफोन पकडतो. परंतु घन पदार्थातून वाहणारा आवाज पकडावयाचा तर पितळेच्या पातळ चकतीवर चिनी मातीसारखा पदार्थ बसविलेली, बझरमध्ये वापरतात ती पिएझो चकती लागते. दाब पडताच तीत विद्युद्दाब निर्माण होतो. ही चकती थोड्या पैशांत मिळते, मात्र ती थेट रेकॉर्डरला जोडली तर खर्जातील सारा ऐवज हरवतो, कारण तिला निदान दहा लक्ष ओहमचा रोध समोर लागतो. म्हणून मध्ये एक लहानसा प्रीअ‍ॅम्प्लिफायर बांधावा लागतो. फाटकाच्या बिजागरीपाशी ती चकती घट्ट बसवून रात्री कानाला हेडफोन लावले म्हणजे मालगाडी कानांना ऐकू येण्यापूर्वी जमिनीतून आलेली तिची थरथर लोखंडात उतरते, आणि त्या थरथरीवर वाऱ्याने हलणाऱ्या कडीचा बारीक किणकिणाट असा उमटतो की कोणत्याही सिंथेसायझरने तो घडविता येऊ नये. पावसाळ्यात मात्र सगळीच तजवीज निराळी. लोणावळ्याच्या पावसाचे वार्षिक मान हजारो मिलिमीटरांत मोजावे लागते, हवा आठवडेच्या आठवडे ओली राहते, चकतीचे डाग दिलेले सांधे हिरवे पडतात, आणि उपकरणे सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावी लागतात. पण ह्याच दिवसांत पत्र्याचे छप्पर हे तालुक्यातील सर्वांत मोठे वाद्य होते, आणि ते टिपावयाचे सोडून घरात बसणे ह्या छंदाच्या माणसाला शोभत नाही.

आता लयीविषयी. हा माझ्या मते ह्या कामाचा गाभा आहे.

रुळांचे तुकडे जोडपट्ट्यांनी जोडलेले असत तेव्हा गाडीची खटखट प्रवासभर ऐकू येई. आता रूळ लांबच लांब वितळजोडाने सांधलेले असल्यामुळे ती बहुतेक नाहीशी झाली आहे. यार्डातील सांधेबदलापाशी मात्र ती अजून जिवंत आहे. तेथून जवळच्या रस्त्यावर उभे राहून एखादी जुन्या आयसीएफ डब्यांची गाडी मंद गतीने जाताना ऐकावी. प्रत्येक डब्याखाली दोन बोगी, प्रत्येक बोगीला चाकांच्या दोन जोड्या. एका डब्याच्या दोन बोगींच्या मध्यांत १४.७८३ मीटर अंतर असते आणि डबा बफरपासून बफरपर्यंत २२.२९७ मीटर लांब असतो. म्हणजे एका डब्याची मागची बोगी आणि पुढल्या डब्याची पहिली बोगी ह्यांत साडेसात मीटरच उरतात. गाडी ताशी तीस किलोमीटरने जात असेल तर सुमारे नऊ दशांश सेकंदाचे एक अंतर आणि त्यानंतर पावणेदोन सेकंदांचे दुसरे, असा क्रम चालतो. लहान अंतर आणि मोठे अंतर ह्यांचे प्रमाण जवळजवळ बिनचूक एकास दोन आहे. हे सारे आवर्तन सहा मात्रांचे धरले तर पहिल्या मात्रेवर एक जोडठोका आणि तिसरीवर दुसरा, पुढे चार मात्रांची विश्रांती, आणि जोडठोक्यातील दुसरे चाक पाऊण मात्रेवर, किंचित घाई केल्यासारखे पडते. दादऱ्याच्या मात्रा ज्याच्या अंगात भिनलेल्या आहेत अशा कोणत्याही मराठी माणसाला ही लय ओळखीची वाटल्याखेरीज राहणार नाही.

नव्या एलएचबी डब्यांनी ही लय बदलली. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीला २०२२ साली हे डबे लागले, आणि त्या दिवसापासून ती निराळ्या तालात चालू लागली असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो. ह्या डब्याची कपलरसह लांबी सुमारे चोवीस मीटर आणि बोगींतील अंतर १४.९ मीटर, म्हणजे लहान अंतर नऊ मीटरांहून किंचित अधिक आणि प्रमाण तीनास पाच. आवर्तन आठ मात्रांचे झाले, पण केरव्यासारखे चार-चार असे समभाग न होता ठोका पहिलीवर आणि चौथीवर पडतो. पहिली लय झुलविणारी होती. ही अडवून पुढे लोटणारी आहे.

संगीत रचण्याची संगणकावरील बहुतेक साधने उघडताक्षणी चार मात्रांची, मिनिटाला एकशेवीस ठोक्यांची चौकट पुढे करतात, आणि कोणताही टिपलेला आवाज ताणून अथवा आवळून त्या चौकटीत बसविण्याची सोयही सोबत देतात. यंत्रसंगीताच्या नावाखाली जे पुष्कळसे एकसुरी ऐकावे लागते त्याचे कारण मला ह्या सोयीत दिसते: यंत्राचा आवाज घ्यावयाचा, पण यंत्राची लय टाकून द्यावयाची. मी चौकट बंद ठेवतो. गाडीचेच आवर्तन हे मूळ मान समजून बाकीचे सर्व ध्वनी, म्हणजे प्रेसचा दणका, कॉम्प्रेसरचा सुस्कारा, ब्रेकचा चीत्कार, त्याच्या मात्रांवर बसवितो; आणि गाडीचा वेग वाढत किंवा घटत असेल तर सगळ्या रचनेला तिच्यामागून जावे लागते. सहा मात्रांची जुनी गाडी आणि आठ मात्रांची नवी गाडी एकाच मात्रामानावर एकदम चालविली तर चोविसाव्या मात्रेनंतर दोघींची सम पुन्हा एकत्र येते. माझ्या आजच्या मुख्य रचनेचा सांगाडा एवढाच आहे.

स्वराची व्यवस्थाही जागेनेच लावून दिलेली आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. रोहित्राच्या लोखंडी गाभ्याचे आकुंचन-प्रसरण तिच्या दुप्पट, म्हणजे शंभर वेळा होते, आणि तोच रोहित्राचा गुणगुणाट. पेटीवर पाहू गेल्यास हा स्वर खालच्या सप्तकातील पांढरी पाचच्या जवळ, अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका चढा येतो. त्याच्या वर दोनशे, तीनशे, चारशे, पाचशे अशी त्याची सहस्वरांची माळ लागते. तीनशेवर पंचम आणि पाचशेवर शुद्ध गंधार. तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू यावा तसा तो लोणावळ्यातल्या वळवणकडच्या रस्त्यावरील रोहित्राखाली शांत रात्री मला स्वच्छ ऐकू आला आहे. बाकीचे सर्व आवाज मी ह्या षड्जाला लावून घेतो. ब्रेकच्या चीत्कारासारखा अतितार आवाज सेकंदाला शहाण्णव हजार नमुने ह्या दराने टिपून ठेवला आणि निम्म्या गतीने वाजविला, की तो बरोबर एक सप्तक खाली उतरतो, दुप्पट लांबतो, आणि कानाला बोचणाऱ्या त्या आवाजात दडलेला मींडेचा सारा प्रवास उलगडतो.

ह्या संगीतात डिस्टॉर्शनचा मान मोठा आहे. ध्वनितरंगाचे माथे आणि तळ सारखेच छाटले म्हणजे मुळात नसलेले विषम सहस्वर त्यात जन्मतात आणि आवाज दाट, खरखरीत होतो. हे साधन इतके सुलभ आहे की हौशी माणसाचा हात पहिल्या दिवसापासून त्याकडे वळतो. माझा अनुभव असा, की ज्या आवाजाचे आपण पुरेसे श्रवण केलेले नाही त्यावरच आपण ते अधिक ओततो. ज्या रचनेत एकदाच, आणि तोही समेच्या आधीच्या दोन मात्रांपुरता, आवाज फाटू दिला तेथे ऐकणारे दचकले. जेथे तो सतत फाटका ठेवला तेथे ते थोड्याच वेळात कंटाळले.

प्रयोगाची जागा बहुधा तळेगावच्या बाजूची एखादी सुटीच्या दिवशी रिकामी असलेली वर्कशॉपची शेड. ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून लेखी घ्यावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे औद्योगिक क्षेत्रात दिवसा पंचाहत्तर डेसिबल आणि निवासी भागात पंचावन्न अशी मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर उघड्या जागी ध्वनिक्षेपक बंद. ह्या नियमांविषयी कुरकुर करणारे सहकारी मला भेटतात. माझे मत उलट आहे. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या साऊंडने छातीत धडधड होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी आपण राहतो, आणि आवाजावर प्रेम असल्याचा दावा करणाऱ्याने तरी त्यांच्या निद्रेचा मान राखला पाहिजे. शिवाय मर्यादेत वाजवू लागल्यावर शेड स्वतःच वाद्य म्हणून कामाला येते: अगोदर एक शुद्ध स्वर खर्जापासून हळूहळू वर चढवीत नेला, की कोणत्या कंपनाला छपराचा पत्रा बोलू लागतो ते कळते, आणि मग तो स्वर रचनेत राखून ठेवून योग्य जागी मोजकाच सोडला तर स्पीकर मोठा करावा लागत नाही, इमारतच बोलते.

समोर बसणाऱ्यांत महाविद्यालयीन मुले असतात, काही गिटार वाजविणारे असतात, आणि शेजारच्या कारखान्यांतले कामगार असतात. मला ह्यांतले शेवटचे महत्त्वाचे. मुले आवाजाचे रूप ऐकतात. कामगार त्याचा अर्थही ऐकतात. एका प्रयोगानंतर एक निवृत्त फिटर काका माझ्या मेजापाशी आले आणि म्हणाले, "तो मधला घरघरता आवाज बेअरिंगचा ना? ते बेअरिंग फार दिवस टिकणार नाही, मालकाला सांगून ठेव." त्यांनी सांगितले की उमेदवारीत असताना त्यांच्या मिस्त्रीने त्यांना लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चालत्या मोटारीच्या बेअरिंगवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावावयास शिकविले होते, आणि कोरडे बेअरिंग, घासलेली रेस, सैल झालेला बोल्ट हे सारे ते डोळे मिटून वेगळे ओळखीत. पिएझो चकतीने मी जे करतो ते हे लोक पिढ्यान् पिढ्या हाडाने करीत आलेले आहेत. त्यांच्या आग्रहावरून मी तो बेअरिंगचा आवाज सुरुवातीला निरोगी, मग तेल आटलेला आणि शेवटी घासलेला असा तीन अवस्थांत पुन्हा टिपला. तीनही नमुने त्यांनी स्वतः बसून तपासले आणि एक नापसंत केला, कारण त्यात घासल्याचा नव्हे तर मोटारीचा पाया सैल असल्याचा आवाज होता. तो पाया आवळून घेण्याचे शेडच्या मालकाने मान्य केले आहे. येत्या उन्हाळ्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, तिसरी अवस्था नव्याने टिपावयाची असून काका त्या वेळी स्वतः हजर राहणार आहेत.