तूप वाटीत, पातेल्यात नाही

भोगीचं ताट आठवा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी. वांगी, गाजर, पावटे, हरभऱ्याचे सोलाणे आणि तिळाचं कूट घालून केलेली लेकुरवाळी भाजी. मुगाची खिचडी, खारातली मिरची आणि भाकरीवर लोण्याचा गोळा. यातला लोण्याचा गोळा तेवढा बाजूला केला, तर उरलेलं सगळं जेवण व्हीगन आहे. पिठलं-भाकरी-ठेचा, मटकीची उसळ, भरली वांगी, अळूचं फदफदं, वालाचं बिरडं, कटाची आमटी, शेंगोळे, गोव्याकडचं तिरफळं घातलेलं खतखतं या सगळ्यांचं तसंच आहे. त्यांच्या मूळ कृतीत दूध नाही, म्हणून ते काढून टाकण्याचाही प्रश्न येत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की घरातलं कुणी ‘मी आजपासून व्हीगन’ असं म्हणालं की पहिली धावपळ उलट्या दिशेला होते. बदामाच्या दुधाची खोकी येतात, सोयाचं चीज शोधलं जातं, महागडं काहीतरी मागवलं जातं आणि आठवडाभरात घरातली मोठी माणसं ठरवून टाकतात की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. उत्तर भारतीय हॉटेलातली ग्रेव्ही लोणी आणि सायीवर उभी असते, तिच्यातलं दूध काढलं तर ती कोसळते. आपली फोडणी मात्र बहुतेक वेळा तेलाचीच. दाटपणा दाण्याच्या कुटाचा, खोबऱ्याचा, बेसनाचा किंवा तिळाचा. आंबटपणा चिंचेचा, आमसुलाचा, कैरीचा, अंबाडीचा. ज्यांना घरी व्हीगन स्वयंपाक करायचा आहे त्यांनी दुकानात शिरण्याआधी या यादीकडे पाहावं.

डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1944 साली इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन केली. शाकाहारी लोकांनी दूध आणि अंडीही सोडावीत, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे अंडी सोडलेली घरं पुष्कळ आहेत, पण दुधाचं नाव निघालं की तीच घरं थबकतात. दूध म्हणजे सात्त्विक, दूध म्हणजे कुणाचाही जीव न घेता मिळालेलं अन्न, अशी आपली धारणा आहे. पण गाय किंवा म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. दूध चालू राहायचं तर ती पुन्हापुन्हा गाभण राहिली पाहिजे, आणि जन्मलेल्या वासरांपैकी निम्मे नर असतात. शेतात बैल होते तोवर त्या खोंडांना काम होतं. ट्रॅक्टर आले आणि ते काम संपलं. आटलेल्या गाईचं आणि नको असलेल्या खोंडाचं पुढे काय होतं, हे दुधाच्या पिशवीवर लिहिलेलं नसतं. 2019च्या पशुगणनेत देशात सुमारे 50 लाख मोकाट गुरं मोजली गेली. दूध सोडणाऱ्या तरुण मुलामुलींच्या मनात बहुधा हेच असतं, आणि मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं.

त्याच वेळी, दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर ज्यांचं घर चालतं अशी कोरडवाहू भागातली कुटुंबंही मी पाहिली आहेत. दूध न पिणाऱ्याने त्यांना गुन्हेगार ठरवू नये. दूध-तूप हे सगळ्यांच्या ताटात कायम होतं, असंही समजायचं कारण नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. तो स्वयंपाक मांसाहारी आहे, व्हीगन मुळीच नाही. पण दूध आणि तूप त्यातही जवळजवळ नाही, कारण ते परवडतच नव्हतं. तुपाशिवाय अन्नाला चव नाही असं म्हणताना, पिढ्यानपिढ्या त्याविना चवदार रांधणारे हात आपल्याच राज्यात होते याची आठवण ठेवलेली बरी.

आता स्वयंपाकघरात येऊ. घरात पाच माणसं आणि त्यातलं एक व्हीगन, ही आज सर्रास दिसणारी स्थिती आहे. अशा घरात दोन स्वयंपाक सुरू झाले की रांधणारी बाई दमते, वेगळं जेवणारा एकटा पडतो आणि महिन्याभरात दोघांची चिडचिड होते. यावर माझा एकच नियम आहे : तूप वाटीत, पातेल्यात नाही. पातेल्यात जे शिजेल ते सगळ्यांना चालणारं असावं. दूध, दही, तूप, लोणी जे काही आहे ते ताटाशेजारी वाटीत यावं आणि ज्याचं त्याने घ्यावं. वरणाला तेलाची फोडणी द्या, तूप भातावर ज्याला हवं त्याला वाढा. पोळीच्या कणकेत तेलाचं मोहन घाला आणि तूप लावायच्या आधी दोन पोळ्या बाजूला काढा. थालीपीठ तेलावर लावा, लोणी शेजारी ठेवा. एवढ्या बदलाने रोजच्या जेवणाचा मोठा भाग मिटतो, आणि घरातल्या इतरांकडून काहीही हिरावून घेतलं जात नाही.

तरी वरणभात हा नाजूक विषय आहे. पंगतीत भातावर वाढल्या जाणाऱ्या तुपाला आपल्याकडे अन्नशुद्धी म्हणतात, त्यामुळे तूप नाकारणं म्हणजे अन्नच नाकारणं असं आजीला वाटू शकतं. “चमचाभर तुपानं काय होतंय रे?” असं ती म्हणते, आणि त्यात माया असते. नातवाने तिथे वाद घालू नये. “आजी, तूप राहू दे, तू मला तुझी जवसाची चटणी वाढ,” असं म्हणावं. तूप भातात काय करतं ते पाहिलं तर त्याची जागा भरणं अवघड नाही. ते स्निग्धपणा देतं आणि हिंग-जिऱ्याचा वास धरून ठेवतं. घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल आणि त्यात कालवलेली जवसाची किंवा कारळ्याची चटणी ही दोन्ही कामं करते. कोकणी माणसाला ओल्या खोबऱ्याचं वाटण लावलेलं वरण द्या, तो तूप मागणार नाही.

दह्याचं प्रकरण मोठं आहे. कोशिंबिरीला पर्याय शोधावा लागत नाही. दाण्याचं कूट, लिंबू आणि वर हिंग-मिरचीची फोडणी अशी खमंग काकडी दह्याशिवायच असते. ताकाच्या जागी सोलकढी किंवा आमसुलाचं सार. सोलकढीतलं नारळाचं दूध मात्र तापवायचं नाही, फुटतं. रश्श्यात वापरायचं असेल तर आधी दुसरं, पातळ दूध शिजवायला घालावं आणि पहिलं जाड दूध अगदी शेवटी, गॅस बंद करताना. पण ज्याला जेवणाच्या शेवटी दहीभात लागतोच, त्याचं काय? त्याच्यासाठी शेंगदाण्याचं दही आहे, आणि ते घरी लागतं.

वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवा. सकाळी चोळून सालं काढा, ती राहिली तर दह्याला तुरट चव येते. तीन-साडेतीन वाट्या पाणी घालून मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटा आणि पंचातून गाळा. हे दूध जाड बुडाच्या भांड्यात सतत ढवळत उकळा, कारण ते गाईच्या दुधापेक्षा लवकर बुडाला लागतं. नीट उकळलं नाही तर कच्च्या दाण्याचा वास राहतो. मग बोट सोसेल इतकं कोमट होऊ द्या. आता विरजण कशाचं? हिरव्या मिरचीच्या देठांवर दही लावणारे जिवाणू असतात. देठासकट चार-पाच मिरच्या धुऊन दुधात बुडवा आणि भांडं उबेला ठेवा. आठ-दहा तासांत दही लागतं. पहिलं दही थोडं सैल असतं आणि त्याला मिरचीचा वास येतो. त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावा, ते घट्ट आणि स्वच्छ चवीचं होतं, आणि पुढे विरजण घरचंच चालू राहतं. साध्या दह्यासारखं ते वाटीतून नुसतं खायला फारसं रुचणार नाही, कारण दाण्याची चव मागे राहतेच. पण कढीपत्ता, उडदाची डाळ आणि सांडग्या मिरचीची फोडणी घातलेल्या दहीभातात, आल्या-कोथिंबिरीच्या मठ्ठ्यात किंवा मंद आचेवरच्या कढीत ते उत्तम चालतं. गाळून उरलेला चोथा थालीपिठात जातो.

चहाबद्दल स्पष्ट सांगते. दुधाच्या चहाची हुबेहूब चव कशानेही येत नाही. नारळाचं दूध चहाशी जमत नाही, सोयाचं दूध कडक चहात फाटू शकतं. त्यातल्या त्यात भिजवलेल्या काजूचं दाट दूध बरं, आणि तेही चहा उकळून गाळल्यावर वरून घालायचं. त्यापेक्षा गवती चहा आणि आलं घालून केलेला कोरा चहा, वर लिंबाचे दोन थेंब, याची सवय लावून घेणं जास्त सोपं आहे.

गोडाच्या बाबतीत कोकण आणि गोवा हात देतात. सिंधुदुर्गातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गुळाचा नारळरस, हे पूर्ण व्हीगन पक्वान्न आहे. खापरोळीही नारळाच्या रसातच बुडते. हळदीच्या पानातल्या पातोळ्या तशाच. उकडीच्या मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी तेल घालावं आणि वर नारळाचं दूध. पुरणात दूध नसतंच, त्यामुळे पुरणपोळी तेलावर भाजून नारळाच्या दुधाबरोबर वाढता येते. बेसनाचे लाडू मात्र करू नयेत. बेसन भाजताना सुटणारा तो खमंग वास तुपाचाच असतो, आणि गोठण्यासाठी खोबरेल वापरलं तर ते 24 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात लाडू बसणारच नाही. दाण्याचे किंवा तिळाचे लाडू करावेत, त्यांना तूप लागत नाही.

तब्येतीचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डाळ-भाकरी-उसळ रोज असेल तर प्रथिनांची फारशी चिंता नको. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह अंगी लागतं. पण ब-12 हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही. दिवसाला लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण ते नसेल तर रक्त आणि मज्जातंतू दोन्हींचं नुकसान होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी 67 टक्के जणांत ब-12 कमी आढळलं होतं, आणि ते व्हीगन म्हणून निवडलेले लोक नव्हते. म्हणजे दूध पिणारा शाकाहारीही इथे सुरक्षित नाही. व्हीगन माणसाने ब-12ची गोळी डॉक्टरांना विचारून नियमित घ्यावीच. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या बाबतीत तर सल्ल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. जे लोक ‘सगळं निसर्गातून मिळतं’ असं सांगतात, त्यांचं या एका बाबतीत ऐकू नका.

आणि मग वाटून खाणं. आपल्याकडे त्यासाठी अंगतपंगतीसारखी सुंदर पद्धत आहे. प्रत्येकाने आपल्या घरून एक पदार्थ आणायचा आणि गोल बसून जेवायचं. व्हीगन अंगतपंगत ठरवताना बोलावणं करतानाच नावं घेऊन सांगावं : दूध, दही, तूप, लोणी, खवा, पनीर, मध यांतलं काही नको. ‘शुद्ध शाकाहारी आणा’ एवढंच सांगितलं तर निम्मे डबे तुपातले येतात. विकतचं काही आणायचं असेल तर पाकिटावरचे घटक वाचावेत. व्हीगन खाद्यपदार्थांचे नियम एफएसएसएआयने 2022 साली लागू केले आणि त्यांच्यासाठी हिरव्या ‘व्ही’चं वेगळं चिन्हही आहे. दाणे, काजू आणि तीळ या स्वयंपाकात पावलोपावली येतात, म्हणून कुणाला त्यांची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारावं. ताट वाढल्यावर मात्र गोठ्यातल्या गोष्टी काढू नयेत. पाहुणा जेवून तृप्त झाला, त्याने खतखत्याची कृती मागितली, की मग त्याने विचारलं तर जरूर बोलावं. देवघरातलं पंचामृत आणि सासूबाईंचा नैवेद्य हे त्यांच्याकडे राहू द्यावं. भक्तीच्या जागी जाऊन भांडण काढलं तर उद्या कुणी तुमची आमटीही चाखणार नाही.

आणि तुम्ही स्वतः व्हीगन नसाल, पण तसं कुणी तुमच्या घरी जेवायला येणार असेल, तर “तुझ्यासाठी वेगळं काय करू?” असं विचारू नका. त्या दिवशी सगळ्यांसाठीच बिरडं, भाकरी, खमंग काकडी आणि सोलकढी करा, आणि तुपाची वाटी ज्यांना हवी त्यांच्यापुढे ठेवा.