विंचू, सोडियम चॅनेल आणि महाड

जांभ्याच्या गडग्यात हात घालताना किंवा पेंढा उचलताना लाल विंचू डसला की कोकणात आधी मांत्रिक, मग डॉक्टर. आणि डॉक्टरांकडे तरी काय होते? ॲट्रोपिन, नाहीतर गुंगीच्या औषधांचे मिश्रण. दोन्हींनी बरेचदा अपायच होई.

सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवू लागले. आधी उलट्या, दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, मुलग्यांमध्ये शिश्न ताठरणे. मग चढलेला रक्तदाब, शेवटी धाप आणि तोंडाला गुलाबी फेस. या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

या क्रमामागचे कारण मज्जातंतूत आहे. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी १९५२ साली स्क्विडच्या तंतूवर दाखवले होते, की संदेश निघताना सोडियम आत शिरते आणि तो मार्ग, म्हणजे सोडियम चॅनेल, क्षणात मिटतो. मिटतो म्हणूनच तंतू शांत होतो. विंचवाचे विष हे मिटणेच लांबवते. तंतू संदेश पाठवतच राहतात, ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटली जातात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. ॲट्रोपिन का घातक, तेही इथेच कळते: हृदयाला आवरणारी उरलीसुरली यंत्रणाच ते बंद पाडते.

बावस्करांनी निवडलेले प्राझोसिन चॅनेलला हातही लावत नाही. रक्तदाबाची ही साधी, स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ साली ‘लॅन्सेट’ने तेही छापले. बिघाड चॅनेलमध्ये असला तरी औषध तिथेच द्यायला हवे असे नाही, हे ओळखण्यातच त्यांचे मोठेपण आहे. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी पाव भागाहून अधिक दगावत. आता प्रमाण काही टक्क्यांवर आले आहे. विंचूदंशाची प्रतिलस प्राझोसिनसोबत दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे बावस्कर दांपत्याने २०११ साली ‘बीएमजे’मध्ये दाखवले.

विंचवाचे उपकारही आहेत. सोडियम चॅनेलचे प्रथिन १९८० साली सिॲटलमध्ये विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेत ओळखता आले, ते दुसऱ्या एका विंचवाच्या विषाला खूण जोडून. आणि आपल्या लाल विंचवाच्या विषातून १९९० साली वेगळे काढलेले आयबेरिओटॉक्सिन पोटॅशियमच्या एका चॅनेलच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळांत वापरले जाते.

दंशानंतर घाम, उलट्या किंवा गार हातपाय दिसले, तर उताऱ्यात वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा.