ओल्या कापसातून गेलेला मासा

महासीर माशाचं अंडं दूर पाठवायचं असेल तर पाण्याची गरज नसते. ओला कापूस पुरतो. भोकं पाडलेल्या डब्यात दमट कापसाचा थर, त्यावर फलित अंडी, वर पुन्हा कापूस. असा डबा विमानात चढवला तर शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या खोऱ्यात अंडी जिवंत पोहोचतात आणि तिथल्या पाण्यात फुटतात. ही पद्धत लोणावळ्यात सिद्ध झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७९ साली 'ॲक्वाकल्चर' या नियतकालिकात दोन पानांचं टिपण लिहून ती जगापुढे मांडली. कुलकर्णी महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक होते, ओगले टाटांच्या वीज कंपनीचं मत्स्यकाम पाहत. भारतातल्या नदीच्या माशांसाठी झालेल्या कामात इतकं साधं आणि इतके दूरगामी परिणाम घडवणारं तंत्र मला दुसरं दिसत नाही. ते परिणाम सगळेच चांगले नव्हते.

मी लोणावळ्याला जाण्याचं कारण मात्र महानदी होतं. रायपूर ज्या खारून नदीचं पाणी पितं ती शिवनाथला मिळते आणि शिवनाथ महानदीला. या महानदीत महासीर होता. ए. डेव्हिड या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५३ साली त्याचं स्वतंत्र वर्णन केलं आणि त्याला नदीचंच नाव दिलं, महानॅडिकस. चारच वर्षांनी, १९५७ मध्ये, खाली संबलपूरजवळ हिराकुड धरण पूर्ण झालं. पुढे वर धमतरीजवळ गंगरेल झालं आणि गावोगावी एनीकट, म्हणजे लहान बंधारे, झाले. हा मासा नेमक्या कोणत्या जातीत धरायचा, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. त्याचं पुढे काय करायचं, याची चर्चा रायपुरात निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रासारखं केंद्र काढा. तेव्हा लोणावळा आधी नीट समजून घ्यावा असं वाटलं.

हे केंद्र ज्या वीज कंपनीचं, तिचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० साली स्थापन झाली. पुढच्या वर्षी वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांत अडवायचा आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचा, अशी ही योजना. जे पाणी इंद्रायणीतून, भीमेतून पूर्वेला गेलं असतं ते पश्चिमेला वळलं. याच मालिकेतल्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातले शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. माणसांची जमीन गेली त्याची नोंद झाली. माशांची वाट गेली, ती कुणी लिहून ठेवली नाही.

ती वाट काय होती, हे समजल्याखेरीज केंद्रातलं काम समजत नाही. महासीर हा रोहू-कटल्याच्याच कुळातला, पण स्वभावाने वाहत्या पाण्याचा. दख्खनच्या महासीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं. उन्हाळाभर मोठे मासे खोल डोहांत राहतात. पावसाने नदी चढली की ते प्रवाहाविरुद्ध वर निघतात. उथळ, थंड, खळाळतं पाणी आणि तळाला गोटे असतील अशा जागी मादी अंडी घालते. अंडी जड असतात, तळाशी बसतात. पाणी ओसरू लागलं की मोठे मासे खाली डोहात परततात आणि पिल्लं वरच्या उथळ पाण्यात वाढतात. सामन समुद्रातून नदीत चढतो, महासीर नदीतल्या नदीत चढतो. पण नियम दोघांना एकच: राहायची जागा वेगळी, जन्म द्यायची जागा वेगळी आणि मधला रस्ता मोकळा हवा.

लोणावळ्यात वळवणला असलेल्या या केंद्रात हा सगळा प्रवास माणसांचे हात करतात. पावसाळ्यात, साधारण जुलैपासून, पिकलेले नर-मादी जाळ्याने काढले जातात. त्यानंतरचं काम मी पाहतच राहिलो. मादी हातात घेणारा माणूस तिच्याशी झटत नाही. एका हाताने शेपटीचा देठ धरलेला, दुसऱ्या हाताचा अंगठा पोटावरून मागच्या दिशेने हलकेच सरकतो. अंडी खरंच पिकली असतील तर एवढ्याने सोनेरी धार लागते. नसतील तर मासा परत पाण्यात जातो, जोर कुणी करत नाही. ताट पूर्ण कोरडं असतं. त्यात अंडी, त्यावर नराचं वीर्य, आणि दोन्ही पक्ष्याच्या पिसाने कालवायचं. पाणी त्यानंतर.

हा क्रम उलटला तर सगळं फुकट जातं. माशाचं वीर्य पाणी लागताच जागं होतं आणि मिनिटभरात संपतं. अंड्यालाही पाणी लागलं की ते फुगतं आणि त्यात शिरायचं सूक्ष्म दार मिटतं. नदीत नर-मादी अगदी अंगाला अंग लावून असतात म्हणून एवढा वेळ पुरतो. ताटात तो पुरेसा पडावा म्हणून आधी सगळं कोरडं मिसळून घ्यायचं. त्यात पिसाच्या मऊपणाचाही वाटा आहे, कारण याच घडीला अंड्याचं कवच सर्वांत नाजूक असतं.

फलित अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये एका थरात पसरतात. एकावर एक चढली तर खालची गुदमरतात. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्याला बुरशी धरते आणि ती शेजारच्यांना लागते. म्हणून ट्रेवर वाकून पांढरी अंडी वेचून काढणं हे इथलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम. पाणी कोमट असेल तर साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात. बाहेर पडलेल्या पिल्लाला पोटाखालच्या बलकाच्या पिशवीमुळे धड पोहता येत नाही. ते उजेड टाळतं, ट्रेच्या कोपऱ्यात डोकं खुपसून इतरांना चिकटून पडतं. कुलकर्णींनी १९७१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या मरगळलेल्या अवस्थेचं वर्णन केलं आणि ती सुमारे सहा दिवस टिकते असं नोंदवलं. रोहूची पिल्लं अशी इतके दिवस पडून राहत नाहीत. महासीरच्या जन्मातला सर्वांत धोक्याचा काळ हाच, आणि तो ओळखल्यावरच त्याची पैदास हातात आली.

नदीत या सहा दिवसांचा आसरा म्हणजे गोट्यांमधल्या फटी. तळाचे गोटे उपसले किंवा वरून गाळ येऊन फटी बुजल्या, की अंडी घातली गेली तरी पिल्लं उरत नाहीत. केंद्रातला ट्रेचा कोपरा त्या फटीच्या जागी उभा आहे.

आता कापूस. अंड्याला जगायला पाणी नव्हे, ओल आणि प्राणवायू लागतो. दमट कापसात अंड्याभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि त्यातून हवेतला प्राणवायू सहज आत येतो. पाण्याने भरलेल्या पिशवीचं ओझं नाही, हिंदकळणं नाही. अट एवढीच, की अंडी फुटायच्या आत डबा पोहोचायला हवा. अंड्यांचा असा प्रवास जगाला नवा नव्हता. १८६४ मध्ये 'नॉरफोक' जहाजातून सामन आणि ट्राउटची अंडी बर्फात, शेवाळात गुंडाळून इंग्लंडहून मेलबर्नला आणि तिथून टास्मानियाला नेली होती. १९०० च्या सुमारास ट्राउटची अंडी काश्मीरला आली. आधीची एक खेप वाटेतच मेली होती. पण ती थंड पाण्याची अंडी, सावकाश वाढणारी, बर्फावर आठवडेच्या आठवडे थांबणारी. आपल्या उष्ण देशातल्या, तीन दिवसांत फुटणाऱ्या अंड्यासाठी बर्फाशिवाय चालणारी रीत शोधणं ही लोणावळ्याची स्वतःची कमाई आहे.

या कमाईचं फळ मोठं आहे. पन्नासहून अधिक वर्षं इथून लाखो बोटुकल्या, म्हणजे बोटभर पिल्लं, तयार झाल्या, तलावांत सोडल्या गेल्या, इतर राज्यांना दिल्या गेल्या. कितीतरी राज्यांच्या मत्स्य खात्यांतले लोक इथे शिकून गेले. इथे वाढवला जाणारा दख्खनचा, निळ्या पराचा महासीर आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत एके काळी 'संकटग्रस्त' होता. आता तो 'किमान चिंता' या गटात आहे. नफ्याचं काहीच नसताना एका वीज कंपनीने एका माशासाठी इतकी वर्षं चिकाटीने काम करावं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तरीही कावेरीकडे पाहिल्यावर काळजी वाटते. त्या नदीत स्वतःचा महासीर होता, पाठीवर वशिंड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी एक. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कावेरीत लोणावळ्याचं बीज सोडलं गेलं. हेतू नदी भरण्याचा होता आणि त्या वेळी महासीरच्या जातींमधला फरकही पुरता उकललेला नव्हता. पुढे गळाने मासे पकडून पुन्हा सोडणाऱ्या शौकिनांच्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासल्या, तेव्हा दिसलं की निळ्या पराचे मासे वाढत गेले आणि वशिंडाचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला. या माशाची शास्त्रीय ओळख, टॉर रेमादेवी, पक्की झाली ती थेट २०१८ मध्ये. पुण्याचे नीलेश डहाणूकरही त्या संशोधनात होते. ओळख पटली त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणंही होतीच. पण बाहेरून आलेला भाऊबंद हे त्यातलं एक मोठं कारण होतं. एका खोऱ्याचं अंडं दुसऱ्या खोऱ्यात नेणं कापसाने सोपं केलं. ते न्यावं का, याचं उत्तर कापसाजवळ नव्हतं.

दुसरी काळजी केंद्राच्या पायथ्याशीच आहे. वळवणच्या खाली हीच इंद्रायणी कामशेत, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. देहूच्या डोहातले मासे देवाचे मानले जातात, त्यांना कुणी हात लावत नाही. महाडजवळच्या वाळण कोंडातही वरदायिनी देवीच्या आधाराने गावाने महासीर राखला. श्रद्धेने डोह राखले गेले. पण डोह म्हणजे राहायची जागा. जन्माची जागा वर आहे आणि मधे बंधारे आहेत. शिवाय पाणी. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना अवघ्या वारकऱ्यांनी पाहिला आहे. कारखान्यांचं आणि वाढत्या वस्त्यांचं सांडपाणी ज्या पाण्यात उतरतं, तिथे ट्रेमध्ये जपलेली बोटुकली सोडून काय साधणार?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामनसाठी शंभरहून अधिक वर्षं मत्स्यबीज केंद्रं चालली. कोलंबिया नदीवरच्या बॉनविल धरणाला १९३८ पासून माशांसाठी पायऱ्या आहेत. तरी नैसर्गिक सामन घटतच राहिला. शेवटी एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली, क्लॅमथवरची चार २०२३-२४ मध्ये. क्लॅमथवरचं शेवटचं धरण गेल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, चिनूक सामन जुन्या धरणांच्या वर पोहोचले. त्यांना कुणी बोटुकल्यांच्या टाक्यांतून नेलं नव्हतं. तिथल्या आदिवासी जमातींनी दोन दशकांहून अधिक काळ या धरणांविरुद्ध लढा दिला होता.

आपल्याकडे पाण्याची गरज वेगळी आहे. वळवण, गंगरेल किंवा हिराकुड पाडा असं मी म्हणणार नाही. पण सगळे अडथळे एवढे मोठे नाहीत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढायचेच असतात. ते वेळेवर, म्हणजे पहिल्या पुराच्या आधी निघाले आणि मासे खाली परतण्याआधी पुन्हा बसवले गेले नाहीत, तर वर्षातला नेमका हवा तो काळ नदी मोकळी राहते. जिथे बंधाऱ्याखाली उंच उडी पडते तिथे दगड रचून चढाव करता येतो. एनीकटला एका बाजूला उतरती वाट ठेवता येते. वरच्या ओढ्यांतली वाळू आणि गोटे उपसणं थांबवता येतं. यातलं कोणतंही काम ट्रेमधल्या कामाइतकं कौशल्याचं नाही. अवघड एवढंच, की त्यासाठी जलसंपदा, मत्स्य, खनिकर्म आणि ग्रामपंचायत यांना एकाच नदीबद्दल एकत्र बोलावं लागतं.

महानदीसाठी केंद्र काढायचं ठरलं, तर कामाचा क्रम चुकता कामा नये. राजीमला महानदीला मिळणाऱ्या पैरी आणि सोंढूर या नद्यांमध्ये आणि शिवनाथच्या फाट्यांमध्ये कुठे अजून महासीर आहे, कुठे तळाला गोटे उरलेत, कुठला बंधारा वाट अडवतो, हे आधी पायी फिरून, मासेमारी करणाऱ्या केवट-धीवर कुटुंबांना विचारून नोंदवलं पाहिजे. बीज घ्यायचं ते याच खोऱ्यातल्या माशांचं, आणि तेही त्यांची ओळख जनुकीय तपासणीने पक्की झाल्यावर. लोणावळ्यातून कोरड्या ताटाची, पिसाची, पांढरी अंडी वेचण्याची रीत जरूर आणावी. अंडी आणू नयेत. आणि पहिली बोटुकली सोडण्याआधी एक तरी उपनदी पावसाळ्यात डोहापासून उगमापर्यंत मोकळी ठेवण्याची जबाबदारी एखाद्या खात्याने लेखी स्वीकारलेली असावी. ती स्वीकारणारं कुणी नसेल, तर केंद्राचा पैसा बंधारे सुधारण्यावर खर्च करणं महानदीच्या माशांसाठी अधिक हिताचं ठरेल.