परका चेहरा, आपले नाव

व्हॉट्सअ‍ॅप वा फेसबुकवर नावाशेजारी जे छोटेसे चित्र दिसते आणि ज्याला सर्रास ‘डीपी’ म्हटले जाते, तेथे स्वतःचाच चेहरा असावा असा सामाजिक दंडक नाही. कोणी विठ्ठलाची मूर्ती लावतो, कोणी शिवछत्रपतींचे चित्र, तर कोणी आवडत्या नटीचे छायाचित्र. त्यातून सहसा कोणाची दिशाभूल होत नाही. ते निष्ठेचे वा आवडीचे चिन्ह आहे हे पाहणाऱ्याला तत्काळ उमगते. प्रश्न उद्भवतो तो एखाद्या अप्रसिद्ध, सामान्य माणसाचा चेहरा उचलला जातो तेव्हा. चेहरा जितका अनोळखी, तितका तो लावणाऱ्याचाच वाटतो. आणि म्हणूनच तो उचलण्यातील अन्याय अधिक गंभीर ठरतो.

जे छायाचित्र सर्वांना दिसते ते घेतले तर बिघडले कोठे, असा युक्तिवाद यावर केला जातो. वस्तुतः दिसणे आणि वापरावयास मुभा असणे यांत मोठे अंतर आहे. अंगणात वाळत घातलेले कपडे रस्त्यावरून दिसतात, म्हणून ते अंगावर चढवून कोणी मिरवीत नाही. छायाचित्राच्या बाबतीत तर दोघांचे हक्क गुंतलेले असतात. पहिला ते टिपणाऱ्याचा. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा छायाचित्रकारालाच त्या कृतीचा कर्ता मानतो. दुसरा हक्क, ज्याचा चेहरा आहे त्याचा. व्यक्तीचे नाव वा प्रतिमा तिच्या संमतीवाचून वापरणे हा तिच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात सांगितले. पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले.

तथापि, तत्त्व मान्य होणे वेगळे आणि दाद मिळणे वेगळे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेली ६६-ड ही तरतूद संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा सांगते. परंतु त्यासाठी फसवणूक सिद्ध व्हावी लागते. केवळ हौसेखातर परका चेहरा लावणारा तिच्या कक्षेत सहजासहजी येत नाही. २०२१ च्या नियमांनी तोतयेगिरीच्या तक्रारीवर २४ तासांत कारवाई करण्याचे बंधन समाजमाध्यम कंपन्यांवर घातले खरे. पण तक्रार करणार कोण? आपला चेहरा दुसऱ्याच्या नावाशेजारी झळकतो आहे, हे बहुधा त्या माणसाच्या गावीही नसते.

उचललेल्या चेहऱ्याचे पुढे काय होऊ शकते, हे २०२१ च्या जुलैत आणि २०२२ च्या प्रारंभी देशाने पाहिले. ‘सुल्ली डील्स’ आणि ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम स्त्रियांची समाजमाध्यमांवरील छायाचित्रे उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडण्यात आला. त्या स्त्रियांनी केवळ आपला चेहरा आपल्या नावाने लावला होता. भारतातील अनेक स्त्रिया भीतीपोटी स्वतःचे छायाचित्र लावीत नाहीत हे फेसबुकनेही ओळखले आणि २०१७ च्या जूनमध्ये छायाचित्र उतरवून घेण्यास अटकाव करणारी सोय प्रथम भारतातच आणली. पण दुसऱ्या मोबाइलने पडद्याचा फोटो काढणाऱ्याला कोणती सोय अडविणार?

या भीतीचे एक विपरीत फळ असे की, आपला चेहरा झाकू पाहणारी एखादी मुलगी इंटरनेटवरून दुसऱ्याच मुलीचा चेहरा उचलते. त्यामुळे धोका टळत नाही. तो केवळ एका अंगणातून दुसऱ्या अंगणात ढकलला जातो. चेहरा लपविण्याचा अधिकार प्रत्येकास आहे आणि तो जपण्यास जास्वंदीचे एक फूलही पुरेसे आहे. त्यासाठी दुसऱ्या जिवंत माणसाला, त्याच्या नकळत, आपल्या जागी उभे करण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही.