म्हाताऱ्या मोत्याला हाक ऐकू येत नाही

धन्यामागे बांधाबांधाने मोकळे चालणारे कुत्रे हे आपल्याकडचे रोजचे चित्र. गळ्यात ना पट्टा, ना साखळी. 'यू यू' केले की दोन शेते ओलांडून धावत येणार. एक दिवस मात्र ते मान वळवीत नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. 'माजलाय लेकाचा' म्हणून पाठीत काठी बसते. माजलेले नसते बिचारे. त्याला ऐकूच आलेले नसते.

माझे खाते पीकपाण्याचे, कुत्र्यांचे नव्हे. पण शिवारफेरी आटोपून ओट्यावर चहाला बसले की बियाण्याबरोबर असल्या गोष्टीही निघतात. 'आता याला बांधूनच ठेवावे का?' हा प्रश्न मला बऱ्याच वस्त्यांवर विचारला गेला आहे.

आधी खात्री करून घ्या. कुत्रे जागे, पण पाठमोरे बसलेले असताना त्याच्या मागे पाच-सहा हातांवर उभे राहा. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे जाणारा नसावा, नाहीतर वासानेच ते वळेल. पायही आपटू नका, जमिनीचा हादरा त्याला कळतो. मग टाळी वाजवा, शिट्टी घाला. कानसुद्धा हलला नाही तर काय ते समजा. आवाज कळतो पण ते भलत्याच दिशेला पाहते, असे असेल तर बहुधा एक कान गेलेला असतो.

आठ-दहा वर्षांनंतर पुष्कळ कुत्र्यांचे कान मंद होऊ लागतात. बारीक, उंच आवाज बहुधा आधी जातो, जाड आवाज काही दिवस टिकतो. म्हणून लहान मुलाची हाक ऐकू येत नाही आणि आजोबांची येते, असे घडू शकते. काही पांढरी पिल्ले जन्मतःच बहिरी निघतात, तो रंगाबरोबर येणारा दोष आहे. पण दरवेळी वयावर ढकलू नका. कानाला घाण वास, आतून स्राव, सारखी मान झटकणे ही दुखणाऱ्या कानाची लक्षणे; ते बरे होऊ शकते. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. घरचे तेल, रॉकेल किंवा दुसऱ्या जनावराचे उरलेले थेंब कानात घालू नका. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनीच उरलेले ऐकणे जाते.

आता बांधावे की मोकळे सोडावे? माझे मत स्पष्ट आहे. वस्ती डांबरी रस्त्याला लागून असेल, किंवा ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा असेल, तर बहिऱ्या कुत्र्याला मोकळे सोडू नये. मागून येणारी फटफटी त्याला कळत नाही, आणि चालवणाऱ्याला वाटते, हॉर्न दिला की बाजूला होईल. पण आडबाजूच्या शेतात, कुंपणाच्या आत, शिकवून तयार केले तर त्याला मोकळे हिंडू द्यायला हरकत नाही. नाक आणि डोळे शाबूत असतातच. दिवसभर साखळीला ठेवले तर ते चिडके होते.

शिकवायचे म्हणजे हाकेच्या जागी खूण द्यायची. सुरुवात अंगणात करा. कुत्र्याने आपणहून तुमच्या तोंडाकडे पाहिले की लगेच भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याची फोड द्या. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. सगळी मेख इथेच आहे बरे का! बहिऱ्या कुत्र्याला मागून बोलावता येत नाही; त्यानेच घडीघडी वळून धन्याकडे पाहिले पाहिजे. ती सवय लागली की खुणा शिकवा. हात बाजूला लांब पसरून छातीशी आणला म्हणजे 'ये'. तळवा समोर धरला म्हणजे 'थांब'. खूण लांबून दिसेल अशी मोठी हवी आणि घरातल्या सर्वांची एकच हवी. एका वस्तीवरच्या आजींनी पदर हलवण्याचीच खूण केली होती. त्यांचा मोत्या तूर-ज्वारीच्या पट्ट्यातून तो पदर बघून यायचा.

अंगणात जमले की शेतात न्या, पण तीसेक हात लांब कासरा लावून. कासरा गळ्याला फास करून बांधू नये. छातीवरून घेतलेला पट्टा उत्तम. आपल्या हाताला गुंडाळू नये, झटक्याने बोटे कापतात. चालता चालता मुकाट्याने दिशा बदला. एक-दोनदा कासरा ताणला गेला की ते आपले आपण तुमच्यावर नजर ठेवू लागेल. पुढे कासरा जमिनीवर लोळता सोडा, आणि दहापैकी दहा वेळा खुणेवर आले तरच काढा. घाई नको, महिना-दीड महिना लागला तरी चालेल.

गळ्यात घुंगूर मात्र जरूर बांधा. ते त्याच्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी. उभ्या पिकात ते कुठे आहे ते कळते. तिन्हीसांजेला बॅटरीचा झोत त्याच्या पुढच्या जमिनीवर दोनदा पाडला म्हणजे 'माझ्याकडे बघ', हेही शिकवता येते. झोत डोळ्यांत मारू नये. शहरात थरथरणारे पट्टे मिळतात, त्यांचा उपयोग होतो; विजेचा झटका देणारे मात्र घेऊ नका.

अंधार पडला की कुत्रे आत घ्या. जुन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या कुत्री उचलतो हे तिकडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. ज्याला चाहूल लागत नाही त्याचे काय होणार?

झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला एकदम हात लावू नये. दचकून ते चावते, आणि चावा बहुधा लहान मुलाला बसतो. आधी त्याच्याजवळच्या जमिनीवर थाप मारा, किंवा नाकाजवळ हात धरून वास घेऊ द्या, मग खांद्याला हलकेच स्पर्श करा. जाग येताच तुकडा द्या. मुलांना मात्र मोठे माणूस जवळ असल्याशिवाय त्याला उठवायला लावू नका. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. तरीही दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. हळद-चुना भरू नये.

शेजारच्या वस्तीवर, दूधवाल्याला आणि सालगड्यालाही सांगून ठेवा की मोत्याला ऐकू येत नाही. हॉर्न देऊ नका, गाडीच थांबवा.