मंगळावर वाट शोधणारं हेलिकॉप्टर

१९ एप्रिल २०२१. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत अभियंते पडद्याकडे डोळे लावून बसले होते. ज्या उड्डाणाची ते वाट बघत होते, ते तीन तासांपूर्वीच होऊन गेलं होतं. मंगळावरच्या जेझेरो विवरात 'इन्जेन्युइटी' नावाचं १.८ किलो वजनाचं हेलिकॉप्टर ३ मीटर वर गेलं, तिथल्या तिथे स्थिर राहिलं, वळलं आणि ३९ सेकंदांनी खाली उतरलं. दुसऱ्या ग्रहावर यंत्राने स्वतःच्या बळावर केलेलं ते पहिलं नियंत्रित उड्डाण. आणि ते होत असताना पृथ्वीवर कोणालाच त्याची खबर नव्हती!

मंगळावरचा रेडिओ संदेश आपल्यापर्यंत यायला, दोन ग्रहांमधल्या अंतरानुसार, ३ ते २२ मिनिटं लागतात. त्यामुळे इथे बसून ते यान हाताने उडवणं अशक्य. ते झुकतंय हे आपल्याला कळेपर्यंत त्याला कोसळूनही बराच वेळ झालेला असणार. म्हणून इथून फक्त योजना पाठवायची: किती उंच जायचं, कुठे वळायचं, कुठे उतरायचं. बाकी सारं त्याचं त्याने बघायचं.

मंगळाची हवा पृथ्वीवरच्या हवेच्या जेमतेम एक टक्का दाट. तिच्यात यानाला उचलून धरणारी १.२ मीटर व्यासाची पाती मिनिटाला सुमारे २,५०० फेरे मारत होती. या पात्यांचं जगभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण मला या यानाचं खरं नवल पात्यांखालच्या छोट्याशा पेटीत दिसतं. ती पेटी क्षणोक्षणी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होती: मी आत्ता कुठे आहे? कोणत्याही मानवरहित विमानाचं जगणं-मरणं याच प्रश्नावर ठरतं.

पृथ्वीवर हा प्रश्न आपण उपग्रहांवर सोपवला आहे. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी करणारा ड्रोन आपली जागा काही सेंटिमीटरपर्यंत ओळखतो, ती उपग्रहांच्या संदेशांच्या जोरावर. मंगळाभोवती असे दिशादर्शक उपग्रह नाहीत. त्या ग्रहाला सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही, म्हणून होकायंत्रही कुचकामी. इन्जेन्युइटीने सगळी भिस्त ठेवली ती स्वतःच्या ज्ञानेंद्रियांवर.

पहिलं इंद्रिय म्हणजे गती आणि वळण मोजणारी चिप. फोन आडवा धरला की पडदाही आडवा होतो, ते ज्या जातीच्या चिपमुळे, तीच ही जात. यानाचा संगणक सेकंदाला ५०० वेळा तोल सावरायचा, तो या चिपच्या मोजमापावर. पण तिच्यात एक खोट आहे. ती गतीतला बदल मोजते, जागा मोजत नाही. जागा काढायची तर बदलांची बेरीज करत जावं लागतं आणि बेरजेबरोबर चूकही साचत जाते. केसभर चूक काही सेकंदांत मीटरांच्या घरात पोहोचते.

ती साचलेली चूक धुऊन काढायचं काम कॅमेऱ्याचं. यानाच्या पोटाखालचा कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं टिपायचा. संगणक त्या चित्रांतले खडे, सावल्या, कंगोरे हेरायचा आणि पुढच्या चित्रात ते किती सरकले हे पाहून स्वतःचा वेग काढायचा. इथे एक अडचण होती. एस.टी.च्या खिडकीतून बघताना कडेचे खांब झपाझप मागे पळतात आणि दूरचा डोंगर जागचा हलत नाही. म्हणजे नुसत्या सरकण्यावरून वेग कळत नाही, वस्तू किती लांब आहे तेही ठाऊक असावं लागतं. म्हणून तिसरं इंद्रिय: खाली लेझरचा झोत सोडून उंची मोजणारं यंत्र. ते हौशी मंडळी आपल्या रोबोला बसवतात तसलं, बाजारात सहज मिळणारं होतं. सगळा हिशेब करणारा प्रोसेसर होता स्नॅपड्रॅगन ८०१, साधारण २०१४ च्या सुमारास स्मार्टफोनमध्ये असायचा तो. पोटाशी धरून यानाला मंगळावर घेऊन गेलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या मुख्य संगणकापेक्षा तो कितीतरी वेगवान होता.

ही इंद्रियं एकमेकांवर किती विसंबून असतात, ते २२ मे २०२१ च्या सहाव्या उड्डाणात दिसलं. १० मीटर उंचीवरून यान १५० मीटरचा पहिला टप्पा संपवत होतं. ५४ व्या सेकंदाला कॅमेऱ्याचं एक चित्र, फक्त एक, वाटेत गळालं. चित्र गळालं त्याने फारसं बिघडलं नसतं. पण त्यापुढच्या प्रत्येक चित्रावर चुकीच्या वेळेचा शिक्का बसू लागला. संगणक आत्ताचं म्हणून जे बघत होता, ते क्षणभर आधीचं होतं. आपण भलतीकडे चाललोय असं समजून तो सुधारणा करू लागला, आणि ती सुधारणाच नवी चूक ठरू लागली. यान २० अंशांहून अधिक झुकत हेलकावे खाऊ लागलं. तरीही ते ठरलेल्या जागेपासून ५ मीटरच्या आत सुखरूप उतरलं. अभियंत्यांनी आधीच दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या: तोल सावरण्याच्या यंत्रणेत भरपूर वाव ठेवला होता, आणि उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याची चित्रं मुळी विचारातच घ्यायची नाहीत असं ठरवलं होतं. कोणत्या इंद्रियावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हेही यंत्राला शिकवावं लागतं.

दुसरी बाजू संपर्काची. यानावरचा रेडिओ 'झिगबी' जातीचा होता. घरातली आणि कारखान्यातली उपकरणं एकमेकांशी बोलायला वापरतात तो. यान बोलायचं रोव्हरशी, रोव्हर मंगळाभोवती फिरणाऱ्या उपग्रहांशी आणि ते उपग्रह पृथ्वीशी. या साखळीतली पहिली कडी सर्वांत नाजूक. तिचा आवाका सुमारे १,००० मीटर धरला होता, पण मधे टेकाड आलं की तेवढंही अंतर पार होत नसे. २६ एप्रिल २०२३ ला यान ५२ व्यांदा उडालं आणि टेकडीआड उतरलं. रोव्हर आपल्या वाटेने टेकडी ओलांडून त्याच्या समोर आला तो २८ जूनला. मधले ६३ दिवस यान धडधाकट होतं, फक्त त्याचं म्हणणं कोणाला ऐकू येत नव्हतं.

त्याआधी मे २०२२ मध्ये धुळीने सौर तावदान झाकोळलं, रात्री बॅटरी संपली, यानातलं घड्याळ शून्यावर आलं आणि ते भलत्याच वेळी जागं होऊ लागलं. हाक कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून रोव्हरने जवळजवळ अख्खा दिवस कान देऊन काढला, तेव्हा संपर्क जुळला. पुढच्याच महिन्यात उड्डाणाआधी जमिनीचा कल मोजणारा संवेदक निकामी झाला. पृथ्वीवरून पाठवलेल्या नव्या सॉफ्टवेअरने ते काम गती मोजणाऱ्या चिपकडे सोपवलं आणि यान पुन्हा उडालं. करोडो किलोमीटरवर बिघडलेलं इंद्रिय बदलता येत नाही, पण उरलेल्यांना त्याचं काम शिकवता येतं. मला ही या सगळ्या कहाणीतली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

शेवट झाला तो डोळ्याच्या मर्यादेमुळे. १८ जानेवारी २०२४ ला यान ७२ व्यांदा उडालं, १२ मीटर वर जाऊन साडेचार सेकंद स्थिर राहिलं आणि उतरू लागलं. खाली होत्या वाऱ्याने घडवलेल्या वाळूच्या लाटा, नजरेला धरायला खडा नाही की कंगोरा नाही. वेग कळायला जे लागतं तेच चित्रात नव्हतं. वेगाचा अंदाज चुकला, यान आडवं सरकत असतानाच उतारावर जोरात टेकलं, त्या हिसक्याने चारही पाती मोडली. त्यातलं एक पातं तर मुळापासून तुटून सुमारे १५ मीटर लांब पडलं. जे यान ३० दिवसांत ५ उड्डाणांसाठी पाठवलं होतं, ते जवळजवळ तीन वर्षं टिकलं आणि एकूण दोन तासांहून अधिक वेळ हवेत राहून १७ किलोमीटर उडालं.

हा धडा मंगळापुरता नाही. शांत पाणी, कोरी वाळू, ताजं बर्फ यांच्यावर कॅमेऱ्याच्या भरवशावर उडणारा पृथ्वीवरचा ड्रोनही असाच गोंधळतो. बोगद्यात उपग्रहांचा संदेश पोहोचत नाही आणि युद्धभूमीवर तो मुद्दाम बुजवला जातो. उत्तर एकच: वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी इंद्रियं एकत्र आणायची, म्हणजे एकाला दिसेनासं झालं तरी दुसरं सांभाळून घेईल. जुलै २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये शनीच्या टायटन या चंद्रावर पोहोचायचं, असं नासाच्या 'ड्रॅगनफ्लाय' या उडत्या यानाचं नियोजन आहे. तिथली हवा आपल्यापेक्षा सुमारे चौपट दाट, गुरुत्वाकर्षण सातवा हिस्सा. उडणं सोपं, पण संदेश पोहोचायला तासाहून अधिक वेळ. म्हणजे इंद्रियांवरचा भार आणखी मोठा.

मंगळावर हेलिकॉप्टर उडवण्याची कल्पना मांडणारे बॉब बलराम हे आय.आय.टी. मद्रासचे माजी विद्यार्थी. नव्वदच्या दशकात त्यांनी प्रस्ताव लिहिला, तो पैशांअभावी सुमारे पंधरा वर्षं कपाटात राहिला. इन्जेन्युइटी ज्यावर चाललं ती 'एफ प्राईम' ही सॉफ्टवेअरची चौकट मात्र आज कपाटात नाही. नासाने ती सर्वांसाठी मोफत खुली केली आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ती उतरवून घ्यावी, उघडून बघावी, मोडावी, पुन्हा जोडावी. कोऱ्या वाळूवर यंत्राने वाट कशी ओळखायची, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. तो तुमच्यासाठी शिल्लक आहे.